संग्रहालयाच्या संचालकाची सही

लोह्याच्या माणसाला कंधारचा किल्ला परका नाही. लोहा तालुकाही आधी कंधारचाच भाग होता. राष्ट्रकूटांच्या काळात कंधारपूर म्हणून नांदलेल्या या गावाच्या परिसरात, मानसपुरीला, एका अजस्र दगडी मूर्तीचे अवशेष मिळाले. अभ्यासक ती क्षेत्रपालाची मानतात. तेवढे लांब जायचे नसेल तर आपल्याच गावात मारुतीच्या देवळामागे बघा. एखादा वीरगळ, भंगलेला नंदी, झीज होऊन चेहरा हरवलेली देवी, असे काहीतरी शेंदूर लावलेले किंवा नुसतेच ऊनपाऊस खात उभे असते. इकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घारापुरीहून आलेल्या मूर्ती चौथऱ्यावर, मोजून दिलेल्या उजेडात, नावनंबरासह उभ्या आहेत. दोन्हीकडे दगडच आणि दोन्हीकडे शेकडो वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचा हात. मग एकाला छप्पर, क्रमांक आणि पहारा मिळतो, दुसऱ्याला काहीच मिळत नाही, हे ठरते कसे?

‘पैसा असेल तिथे होते’ किंवा ‘सरकारने मनावर घ्यायला हवे’ ही दोन उत्तरे लगेच येतात. दोन्हींत तथ्य आहे. पण पैसा आणि सरकार यांच्या मध्ये एक माणूस लागतो. ‘ही वस्तू मी घेतली, आता तिचा जबाबदार मी’ असे लिहून सही करणारा माणूस. तो म्हणजे संग्रहालयाचा संचालक. डॉक्टर, तहसीलदार, प्राध्यापक काय करतात हे आपल्याला माहीत असते. संचालक काय करतो आणि त्या खुर्चीपर्यंत कसा पोहोचतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

संचालक नेमके करतो काय?

संचालक मूर्ती घडवत नाही, चित्र काढत नाही, बहुतेक वेळा उत्खननही करत नाही. मोठ्या संग्रहालयात प्रत्येक कामाला जाणकार असतात. शिल्पे, चित्रे, नाणी अशा एकेका संग्रहाची अभ्यासपूर्ण देखरेख करणारा तो अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर. भंगलेले सांधणारा, कीड-बुरशी रोखणारा तो जतनतज्ज्ञ. शिवाय नोंदी ठेवणारे, शाळांच्या सहली हाताळणारे, रात्रपाळीचे पहारेकरी. संचालक या सगळ्यांच्या कामाखाली सही करतो. त्याच्या सहीचा कस चार प्रसंगी लागतो: वस्तू घेताना, ती लोकांपुढे मांडताना, बाहेर उसनी देताना आणि ‘ही घेणार नाही’ म्हणताना.

मुंबईच्या या संग्रहालयात पन्नास हजारांहून अधिक वस्तू आहेत. दालनांत दिसतो तो त्यांतला थोडाच भाग. बाकीच्या भांडारात असतात. न दिसणाऱ्या वस्तूलाही तितकेच जपायचे असते, आणि तिथे बघायला कोणी प्रेक्षक नसल्यामुळे हलगर्जी झाली तरी कळत नाही. माझ्या मते संचालकाची खरी परीक्षा दालनापेक्षा भांडारात होते.

वस्तूचा सातबारा

संग्रहालयात वस्तू आली की सर्वांत आधी ती नोंदवहीत चढते. ही नोंद काय असते, हे शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगणे सोपे आहे: ती वस्तूचा सातबारा असते.

जमिनीला गट क्रमांक असतो, तसा वस्तूला परिग्रहण क्रमांक मिळतो. ‘२०२४.१५’ असे लिहिले असेल तर २०२४ साली आलेली पंधरावी वस्तू. हा क्रमांक वस्तूवरच, सहज न दिसणाऱ्या जागी, पुसता येईल अशा रीतीने लिहिला जातो आणि पुन्हा कोणत्याही दुसऱ्या वस्तूला दिला जात नाही. पुढे क्षेत्राच्या रकान्यासारखी मापे: उंची, रुंदी, वजन, कशाची बनली आहे. मग मालकी. ही वस्तू कोणी दिली? देणगी, खरेदी, की उत्खननातून आली? आधी कोणाकडे होती, त्याच्याआधी कोणाकडे? जमिनीच्या व्यवहारात जसा फेरफार बघतात, तशी ही हातबदलांची साखळी बघितली जाते. मधली एक कडी नसेल तर शहाणा माणूस जमीन घेत नाही, आणि शहाणा संचालक मूर्ती घेत नाही.

सातबाऱ्यातला गाव नमुना बारा हा पिकांचा, दर हंगामाच्या पाहणीचा. संग्रहालयातही वस्तूची वेळोवेळी पाहणी होते. कडेला नवा टवका गेला आहे का, धातूवर हिरवट पूड धरली आहे का, कागदाचा कोपरा पिवळा पडला आहे का, हे छायाचित्रांसह लिहून ठेवतात. याला स्थितिअहवाल म्हणतात. पाच वर्षांपूर्वीचा आणि आजचा अहवाल शेजारी ठेवला की वस्तूचे दुखणे वाढते आहे की थांबले आहे ते कळते.

नोंद नसलेली वस्तू चोरीला गेली तर ती आपली होती हेच सिद्ध करता येत नाही. छायाचित्र नाही, माप नाही, तारीख नाही. गावातल्या पारावरून एखादी मूर्ती नाहीशी होते तेव्हा पोलिसांपुढे नेमकी हीच अडचण उभी राहते. म्हणून छप्पर आणि काच मिळण्याच्या आधी वस्तूला जे मिळायला हवे, ते म्हणजे ही नोंद. ती करायला फारसा पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

‘नाही’ म्हणण्याची सही

बाजारात एक सुंदर चोळकालीन कांस्यमूर्ती आली आहे, विकणारा प्रतिष्ठित आहे, कागदपत्रे वरवर नीट आहेत. घ्यायची? ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा इथल्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली अशी एक नटराजमूर्ती न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. किंमत होती पन्नास लाख अमेरिकी डॉलर. पुढे उघड झाले की ती तमिळनाडूतल्या एका देवळातून चोरलेली होती आणि मालकीचा इतिहास बनावट होता. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती दिल्लीत भारताला परत केली. पैसे गेले, मूर्तीही गेली, आणि खरेदीच्या वेळी प्रश्न नीट का विचारले नाहीत याचे उत्तर त्या संस्थेला जगासमोर द्यावे लागले.

भारतात यासाठी १९७२ चा पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. तो १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, चित्र ही पुरावस्तू ठरते. हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पुरतात. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. संचालकाला हा कायदा मुखोद्गत असावा लागतो.

कधी ‘नाही’चे कारण चोरी नसून श्रद्धा असते. मुंबईत परळला १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना शिवाचे एक अप्रतिम शिल्प मिळाले. एकाच शिळेत शिवाची सात रूपे, उंची तीन मीटरहून अधिक. भारतीय शिल्पकलेच्या कुठल्याही इतिहासात त्याला जागा मिळते. पण मूळ शिल्प आजही परळच्या देवळात, पूजेत आहे; संग्रहालयात आहे तो साच्यातून काढलेला ठसा. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. देव देवळात राहिला आणि अभ्यासकाला अभ्यास करता आला. शेंदूर लावलेल्या प्रत्येक मूर्तीला उचलून काचेत नेणे हे संग्रहालयाचे काम नव्हे. छायाचित्र, माप, नोंद ही कामे मूर्ती जागची न हलवताही होतात.

एकाच खुर्चीतल्या दोन वाटा

मुंबईच्या संग्रहालयाची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांची ही इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण महायुद्ध सुरू झाल्याने तिथे आधी लष्करी रुग्णालय चालले. लोकांसाठी ती १९२२ च्या जानेवारीत उघडली. १९९८ मध्ये ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हे नाव जाऊन शिवरायांचे नाव लागले. या एका संस्थेच्या संचालकांकडे पाहिले तरी या व्यवसायाची वाट उमगते.

डॉ. मोतीचंद्र हे बनारसचे, भारतेंदु हरिश्चंद्रांच्या घराण्यातले. लंडनहून डॉक्टरेट घेऊन ते १९३७ साली या संग्रहालयाच्या कलाविभागाचे अभिरक्षक झाले आणि १९५० पासून जवळजवळ पाव शतक संचालक राहिले. त्यांची वाट विद्वत्तेची. पश्चिम भारतातल्या जैन लघुचित्रांवर त्यांनी मूलभूत ग्रंथ लिहिला, प्राचीन भारतीय वेशभूषेवर लिहिले, आणि ‘सार्थवाह’ या हिंदी ग्रंथात प्राचीन भारताच्या व्यापारी वाटांचा माग काढला. अशा माणसाच्या हाती चित्र आले की त्यातल्या पागोट्याच्या घडीवरून ते कुठले आणि केव्हाचे, याचा कयास तो बांधू शकतो. संग्रह वाढवायचा असेल तर ही नजर लागतेच, कारण खोटे ओळखण्याचे दुसरे साधन त्या काळी जवळजवळ नव्हते.

त्यांच्यानंतर सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून १९९६ पर्यंत सदाशिव गोरक्षकर संचालक होते. मुंबईत जन्मलेले हे मराठी गृहस्थ संग्रहालयशास्त्र शिकून आले होते. म्हणजे कलेचा इतिहास तर हवाच, पण वस्तू कशी नोंदवायची, कशी जपायची, सामान्य माणसापुढे कशी मांडायची, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे मानणारी पिढी त्यांच्या रूपाने खुर्चीत आली. सरकारने २००३ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. २०१९ मध्ये ते गेले. आज संग्रहालयाबद्दल मराठीत बोलताना आपण ‘जतन’, ‘मांडणी’, ‘दालन’ हे शब्द सहज वापरतो, ती भाषा रुळवण्यात अशा माणसांचा वाटा मोठा आहे.

२००७ पासून ही धुरा सांभाळणारे सब्यसाची मुखर्जी यांच्या काळात कामाला आणखी एक अंग आले: जगातल्या संग्रहालयांशी बरोबरीच्या नात्याने व्यवहार करण्याचे. २०१७ च्या नोव्हेंबरात लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्यासह मुंबईत ‘भारत आणि जग’ हे प्रदर्शन भरले. दोनशेच्या आसपास वस्तू, नऊ गोष्टींत गुंफलेल्या. रोमन काळातला संगमरवरी थाळीफेक्या मुंबईत आला. अशा प्रत्येक वस्तूसाठी विमा, पेटी आतून कशी भरायची, किती आर्द्रता चालेल, सोबत कोण येणार, उघडताना कोण हजर असेल, यांचे करार होतात. देणाऱ्याने विश्वास ठेवायचा तो घेणाऱ्याच्या कारभारावर. तो विश्वास वर्षानुवर्षांच्या नोंदींतून कमवावा लागतो.

उजेड, ओल आणि विश्वस्त

कागदावरच्या लघुचित्राला ५० लक्सच्या आसपास उजेड पुरे, तैलरंगाला साधारण १५० ते २०० लक्स. लक्स हे उजेड मोजण्याचे एकक. त्याहून जास्त उजेडाने रंग विटतात, आणि विटलेला रंग परत येत नाही. म्हणून लघुचित्रे काही महिने मांडून पुन्हा अंधारात ठेवतात. दालन अंधारे का, अशी प्रेक्षकाची तक्रार असते, तिचे कारण हे. ओलीचेही तसेच. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी, तर मराठवाड्याच्या चैत्र-वैशाखात लाकूड आणि हस्तिदंत तडकण्याची भीती. जास्त-कमीपेक्षा अचानक बदल घातक.

मुंबईचे हे संग्रहालय १९०९ च्या कायद्याने विश्वस्त मंडळाच्या हाती आहे. संचालकाने योजना मांडायची, मंडळाने मान्य करायची, पैसा दोघांनी मिळून उभा करायचा. मोतीचंद्रांच्या काळात विश्वस्त मंडळाचे प्रमुख राहिलेले कार्ल खंडालावाला हे बॅरिस्टर, नानावटी खटल्यात बचाव लढलेले, आणि त्याच वेळी भारतीय चित्रकलेचे मान्यवर अभ्यासक. दोघांनी मिळून ग्रंथही लिहिले. इतका जाणता विश्वस्त लाभणे हे संचालकाचे भाग्यच. अनेकांनी मिळून भार उचलला की काय होते, ते भायखळ्याला दिसते. तिथले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आधी मोडकळीला आले होते. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले, जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा सन्मान मिळाला आणि २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले. तस्नीम झकारिया मेहता यांनी मानद संचालक म्हणून ते नव्याने उभे केले.

शासकीय संग्रहालयांत रचना वेगळी. तिथे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय वर असते, आणि त्या त्या गावच्या संग्रहालयाचा प्रमुख हा शासकीय अधिकारी असतो. माहूर, पैठण, तेर इथली संग्रहालये या व्यवस्थेत येतात.

शेतात जुने काही लागले तर *(चौकट)*

विहीर खणताना, नांगरताना नाणी, मूर्ती, दागिने सापडले तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे जमिनीत पुरलेले धन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे सापडणाऱ्याचे कर्तव्य आहे. गावातून हे तहसील कार्यालय किंवा पोलीस ठाण्यामार्फत होते.
वस्तू घासू-धुऊ नका. नाण्यावरची माती आणि गंज हासुद्धा पुरावा असतो.
सापडली ती जागा, खोली आणि आजूबाजूला काय होते, हे फोटोसह टिपून ठेवा.
नाणी वाटून घेऊ नका. एकत्र सापडलेला ठेवा एकत्र राहिला तरच तो केव्हा पुरला हे सांगता येते.

तेरचे लामतुरे

लातूरहून कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर तेर लागते. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक. दोन हजार वर्षांपूर्वी ते ‘तगर’ होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या जुन्या प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर असल्याचे लिहिले आहे. तिथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई.

या गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पदवी नसताना, पद नसताना, आयुष्यभर तेरच्या मातीतून मिळणारे मणी, मृण्मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्या, खापरे गोळा केली. पावसाने पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती वाहून गेली की या वस्तू वर येतात; इतरांना तो कचरा होता, त्यांना ते शहराचे अवशेष दिसले. त्यांचा हजारो वस्तूंचा संग्रह आज तेरच्या शासकीय संग्रहालयात त्यांच्याच नावाने आहे. तेरला मिळालेल्या एका छोट्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीने जगाचे लक्ष वेधले, कारण तिची शैली १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेल्या मूर्तीशी जुळते. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे पाँपेईची ती मूर्ती त्याआधीच भारतातून तिकडे पोहोचली होती. तिच्यावर खरोष्ठी लिपीतले अक्षरही आहे. पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ च्या उत्खननात तशाच घडणीचे हस्तिदंती काम मिळाले. दख्खनच्या या पट्ट्यात दंतकाम करणारे कुशल कारागीर होते, हे त्यातून उमगते.

लामतुरे हे संचालक नव्हते. पुण्याच्या दिनकर केळकरांप्रमाणे तेही संग्राहक. केळकरांनी आपल्या लहानग्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीला वाहिलेला संग्रह १९७५ साली सरकारला दिला. संग्राहक वस्तूवर प्रेम करतो, ती वाचवतो. त्याच्या पश्चात संग्रह टिकतो तो संचालकाच्या व्यवस्थेमुळे. दोघांच्या कामातला आणखी एक फरक तेरला स्पष्ट होतो. पृष्ठभागावर वेचलेला मणी सुंदर असतो, पण तो कोणत्या थरातला हे सांगत नाही. तेरला १९५८ च्या सुमारास बा. ना. चापेकरांनी उत्खनन केले, त्यातून थरांचा क्रम हाती आला. आणि मगच वेचलेल्या वस्तूंना काळाच्या पायरीवर बसवणे शक्य झाले. चांगला संचालक वेचलेले आणि उत्खननातले एकमेकांशेजारी ठेवून वाचतो.

लोह्यातून या खुर्चीकडे

या व्यवसायाची शिकण्याची सोय दूर आहे, पण आवाक्याबाहेर नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व, नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत कलेतिहास, जतन आणि संग्रहालयशास्त्र, मुंबईच्या संग्रहालयाचा स्वतःचा पदविका अभ्यासक्रम. आधी इतिहास, कला, रसायनशास्त्र यांपैकी कशातही पदवी चालते; जतनाच्या कामात तर रसायनशास्त्र शिकलेल्याची फार गरज असते.

मराठवाड्यातल्या मुलामुलींकडे एक भांडवल असते, त्याची त्यांना जाणीव करून द्यायला हवी. चालुक्यकाळातले इथले कितीतरी शिलालेख कन्नड भाषेत आहेत. देगलूरजवळचे होट्टल, निलंग्याचे नीलकंठेश्वराचे देऊळ, खरोशाची लेणी ही सगळी हाकेच्या अंतरावर. १९४८ पर्यंत निजामी राजवट असल्याने जुनी कागदपत्रे उर्दू-फारसीत, तर घरगुती दस्त मोडीत. नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड यांपैकी दोन-तीन भाषा कानावर पडतात. मुंबई-पुण्याच्या अभ्यासकाला जे मुद्दाम शिकावे लागते, ते इथे अंगणात मिळते. मोडी आणि उर्दू वाचता येणारा तरुण अभिरक्षक कुठल्याही संग्रहालयाला हवाच असतो.

पहिली नोकरी अर्थातच खुर्चीची नसते. ती असते सहायकाची. भांडारातला एक खण उघडायचा, त्यातली खापरे एकेक करून मऊ ब्रशने झटकायची, मापायची, फोटो काढायचा, क्रमांक नोंदवहीशी ताडून बघायचा, जुळला नाही तर का जुळत नाही हे शोधायचे. मग पुढचा खण. काही वर्षांनी एक लहान प्रदर्शन सोपवले जाते, नंतर एक दालन, नंतर एक विभाग. संचालकपदापर्यंत पोहोचताना बहुतेकांचे केस पिकतात, आणि तोपर्यंत संग्रहातला प्रत्येक खण त्यांच्या हाताखालून गेलेला असतो.